वाळवंटातले रबर आणि वर्ध्याचा डिंक

पावसाळा ओसरू लागला की वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, पडीत वावरांत, धुऱ्यांवर आणि शाळांच्या आवारांत पांढऱ्या बारीक फुलांचे एक तण कमरेएवढे माजलेले दिसते. कोणी त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, ढोरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि निंदणाचा खर्च ते दरसाल वाढवून ठेवते. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातले क्वचितच एखादे गाव त्याच्या तावडीतून सुटले. या उपद्रवी तणाची एक बहीण मेक्सिकोच्या वाळवंटात वाढते आणि तिच्या सालीत अस्सल रबर असते, ही गोष्ट मात्र वनस्पतिशास्त्राच्या वर्गाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही.

या बहिणीचे नाव ग्वायूले. शास्त्रीय वर्गीकरणात दोघी पार्थेनियम या एकाच प्रजातीतल्या. गाजरगवत एका हंगामात उगवून मरते. ग्वायूलेचे मात्र गुडघाभर उंचीचे, राखाडी पानांचे, वर्षानुवर्षे जगणारे झुडूप होते. उत्तर मेक्सिको आणि टेक्सासचा काही भाग यांवर पसरलेल्या चिवावा वाळवंटात, जिथे पाऊस पंधरा-वीस इंचांच्या पुढे क्वचितच जातो, तिथे खडकाळ उतारांवर ते आपोआप वाढते. त्याच्या वाळलेल्या वजनात शेकडा पाच ते दहा, काही निवडक झुडपांत त्याहूनही अधिक, रबर असते आणि जवळजवळ तितकीच राळ. केरळातील रबराच्या झाडापासून मिळणारे रबर आणि हे रबर यांत रासायनिकदृष्ट्या भेद नाही.

जिथे दुसरे काही पिकत नाही तिथे रबर पिकावे, ही कल्पना इतकी मोहक आहे की गेल्या शंभर वर्षांत ती अनेकदा मेली आणि अनेकदा पुन्हा जन्मली. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अशा मोहक कल्पनांचा अनुभव नवा नाही. मोगली एरंडाचे उदाहरण अजून विस्मृतीत गेलेले नाही. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली जैवइंधनाचा अहवाल दिल्यावर देशभर माळरानांवर एरंडाची लागवड सुचवली गेली. झुडपे उगवली, बी यायला वर्षे लागली, जे आले ते अपेक्षेहून थोडे आले आणि घ्यायला बहुतेक ठिकाणी कोणी फिरकले नाही. तेव्हा वाळवंटी वनस्पतींच्या रबराची आणि राळेची चर्चा करताना झुडूप येथे जगेल काय, एवढेच विचारून भागणार नाही. ते जगेपर्यंत शेतकऱ्याने काय खावे, आणि जगल्यावर त्याचा माल कोणी, कोणत्या भावाने घ्यावा, हे त्याआधी विचारले पाहिजे.

युद्धाचे पीक

केरळातल्या रबराच्या झाडाला चीर दिली की चीक वाहतो, करवंटीत जमतो आणि झाड दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार असते. ग्वायूलेचे तसे नाही. त्याच्यात चिकाच्या नलिका नसतात; रबर सालीच्या सूक्ष्म पेशींत कोंडलेले असते. त्यामुळे सबंध झुडूप कापून वा उपटून, कुटून, दळून रबर वेगळे करावे लागते. जुन्या पद्धतीत गोट्यांच्या चक्कीत पाण्याबरोबर ते दळीत; चोथा तळाशी बसे आणि रबराचे किड्यांसारखे तुकडे वर तरंगत. त्यात राळ मिसळलेली राहिली तर रबर चिकट आणि हलक्या प्रतीचे होते, म्हणून नव्या पद्धतीत एका द्रावकाने राळ आणि दुसऱ्याने रबर काढतात. हे द्रावक ज्वालाग्राही असतात. शिवाय कापलेले झुडूप फार दिवस पडून राहिले तर आतले रबर हवेने बिघडते. थोडक्यात, ग्वायूलेला उसासारखा जवळ कारखाना हवा. कापसासारखे घरात साठवून भावाची वाट पाहण्याचे स्वातंत्र्य त्यात नाही. शेतकरी आणि कारखाना यांचे नाते येथेच ठरून जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्या वाढल्या, रबराचे भाव चढले आणि अमेरिकन भांडवलाने उत्तर मेक्सिकोत ग्वायूलेचे कारखाने उभे केले. १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या रबराच्या गरजेचा मोठा हिस्सा या रानझुडपातून भागत होता. कोणी लागवड करीत नव्हते. डोंगर उपटले जात होते. पुढे मेक्सिकोतील राज्यक्रांतीने कारखाने बंद पडले, रानातले झुडूपही संपत आले, आणि मलायातील मळ्यांचे रबर बाजारात येताच भाव कोसळले. १९३० मध्ये अमेरिकन सैन्याच्या दोन मेजरांनी सरकारला अहवाल दिला की परदेशी रबरावर अवलंबून राहणे देशाला धोक्याचे आहे, ग्वायूलेच्या लागवडीला हात द्यावा. त्यातल्या एकाचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर होते. मंदीच्या त्या काळात रबर इतके स्वस्त होते की अहवाल कपाटात गेला.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचा जवळजवळ नऊदशांश रबरपुरवठा तुटला. कपाटातला कागद बाहेर आला. मार्च १९४२ मध्ये कायदा होऊन आणीबाणीची रबर योजना सुरू झाली. शेकडो शास्त्रज्ञ आणि हजारो मजूर कामाला लागले; कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि टेक्सासमध्ये मिळून सुमारे ३२ हजार एकरांवर ग्वायूले लावण्यात आली. मान्झानारच्या छावणीत, केवळ वंशाने जपानी म्हणून डांबून ठेवलेल्या अमेरिकन नागरिकांनीही या झुडपावर संशोधन केले आणि ते चांगले केले, हा त्या इतिहासातला एक विलक्षण तपशील.

फळ काय मिळाले? चार वर्षांत सुमारे तीस लाख पौंड, म्हणजे चौदाशे टनांच्या आसपास रबर. त्याच काळात अमेरिकेने खनिज तेलापासून कृत्रिम रबर करण्याचे कारखाने उभारले आणि १९४५ साली त्यांचे उत्पादन आठ लाख टनांच्या घरात गेले. ग्वायूलेचे झुडूप तीन-चार वर्षांनी रबराने भरते; युद्ध त्याच्यासाठी थांबणार नव्हते. शांतता झाली, मलायाचे रबर परत आले आणि १९४६ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. जमिनी मालकांना परत करायच्या होत्या, म्हणून हजारो एकरांवरचे उभे पीक जाळले आणि नांगरून टाकले. त्यात लाखो पौंड रबर होते. ते काढण्याचा खर्च बाजारभावापेक्षा अधिक, एवढाच त्याचा अपराध.

मात्र या सगळ्या उलाढालीत कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्याचे दिवाळे निघाले नाही. जमिनीचे भाडे सरकारने दिले, मजुरी सरकारने दिली, नुकसान सरकारने सोसले. त्याच वर्षांत हैतीमध्ये जे घडले त्याच्याशी हे ताडून पाहावे. तिथे रबर देणारी एक वेल अमेरिकेच्या मदतीने लावण्याचे ठरले. मादागास्करची ही वेल आपल्याकडेही बागांत आणि कुंपणांवर आढळते. मराठीत तिला विलायती वाखंडी म्हणतात. त्यासाठी गरीब शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यात आल्या, त्यांची घरे आणि फळझाडे पाडण्यात आली, आणि १९४४ मध्ये, हाती नगण्य रबर आल्यावर, सगळे बंद झाले. अमेरिकन शेतकऱ्याचे एक पीक जळाले, हैतीच्या शेतकऱ्याची आंब्याची झाडे गेली. दोन्हीकडे वनस्पतिशास्त्राची समस्या सारखीच होती; जोखीम कोणाच्या डोक्यावर ठेवली यात फरक होता.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा कृत्रिम रबर महागले आणि ग्वायूले तिसऱ्यांदा उठली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तिच्यावर सविस्तर अहवाल काढला, १९७८ मध्ये पुन्हा कायदा झाला. ऐंशीच्या दशकात तेल उतरले आणि उत्साहही उतरला. आज तिला थोडे स्थिर आश्रयस्थान मिळाले आहे ते निराळ्या कारणाने. नेहमीच्या रबरी हातमोज्यांतील प्रथिनांची ज्यांना वावडी असते त्यांना ग्वायूलेचा चीक सोसतो. आणि एका मोठ्या टायर कंपनीने ॲरिझोनात संशोधनशाळा काढून २०१५ मध्ये या रबराचे टायर तयार करून दाखवले. पण हे सारे संशोधनाच्या आणि हौशी बाजाराच्या पातळीवरचे आहे. शंभर वर्षांनंतरही जगाच्या रबरबाजारात ग्वायूलेचा वाटा नाममात्रच आहे.

वर्ध्याच्या मातीचा हिशेब

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा जिल्हा हे वाळवंट नाही. येथे सरासरी चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर या भागांतली काळी माती पाणी धरून ठेवते. ग्वायूलेला याच गोष्टीचे वावडे आहे; मुळांशी पाणी साचले की ती कुजते. म्हणजे ज्या काळ्या जमिनीत हिंगणघाटचा कापूस एकेकाळी मँचेस्टरपर्यंत नावाजला, तिथे हे झुडूप श्रावण पाहण्यापूर्वीच माना टाकील. उरतात कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांतल्या बरड, मुरमाड, उताराच्या जमिनी. तिथे पाणी थांबत नाही, उन्हाळा कडक असतो, थंडीत रात्री गार असतात. आणि ग्वायूलेत रबर भरते ते थंड रात्रींत आणि पाण्याच्या ताणातच. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने तेथे प्रयोग करून पाहण्यासारखे आहे, एवढे कबूल करावे लागेल.

पण त्या बरड जमिनीच्या मालकाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका एकरातून चार वर्षांनी ६०० किलो रबर निघाले; कोरडवाहू बरडावर हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. समजा, रबराला किलोमागे १८० रुपये मिळाले. एकूण १ लाख ८ हजार रुपये झाले. दळणे, द्रावक, वाहतूक आणि कारखानदाराचा नफा यांत निम्मे गेले असे धरले तर शेतकऱ्याच्या हाती ५४ हजार, म्हणजे वर्षाला एकरी साडेतेरा हजार रुपये पडतात. दुसऱ्या बाजूला कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बरडावर एकरी चारच क्विंटल कापूस धरला तरी तीस हजार रुपये होतात. कापसावर बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीचा खर्च फार होतो. ग्वायूलेला तो कमी. त्यामुळे चार वर्षांची निव्वळ बाकी काढली तर दोन्ही पिकांत कदाचित फारसे अंतर राहणार नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण या 'चार वर्षां'त आहे. कापसाचा पैसा, थोडा असो वा फार, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरात येऊ लागतो. त्यावर दुकानदाराची उधारी, सोसायटीचे कर्ज, पोरीचे लग्न आणि पुढचे बियाणे चालते. ज्याच्यापाशी चार वर्षे वाट पाहण्याइतके भांडवल आहे त्याला बरड जमिनीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. आणि ज्याला बरडावरच जगायचे आहे त्याच्यापाशी वाट पाहण्याचे भांडवल नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला चार वर्षांनी फळ देणारे, एकाच गिऱ्हाइकाच्या दारात न्यावे लागणारे आणि ज्याचा भाव सिंगापूरच्या बाजारात ठरतो असे पीक सुचवणाऱ्याने आधी त्या चार वर्षांची सोय सांगितली पाहिजे.

भावाची जोखीम सरकारने उचलण्याचा एक मोठा प्रयोग याच भूमीने पाहिला आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिच्यातले दोष, चुकारे मिळण्यातली दिरंगाई, प्रतवारीवरची भांडणे आणि शेवटी वाढत गेलेला तोटा हे सारे विदर्भाला तोंडपाठ आहे, आणि आज ती योजना अस्तित्वात नाही. तरीही पीक हातात आल्यावर ते घ्यायला कोणीतरी बांधलेला आहे, हा विश्वास तिने काही काळ दिला होता. ग्वायूलेसाठी तसा बांधलेला खरेदीदार भारतात कोणीही नाही. कोट्टायमचे रबर मंडळ १९४७ च्या कायद्याने स्थापन झाले ते केरळातल्या झाडासाठी.

कायद्यावरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' या शब्दाची व्याख्या करताना काही पदार्थ असे दिले आहेत की ते रानात मिळोत वा न मिळोत, ते वनोपजच मानायचे. त्या यादीत लाकूड, कोळसा, काथ, राळ, लाख, मोहाची फुले यांच्याबरोबर कच्चे रबरही बसले आहे. म्हणजे उद्या आष्टीच्या शेतकऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या वावरात झुडूप लावून रबर काढलेच, तर अक्षरार्थाने ते वनोपज ठरेल आणि त्याची ने-आण करताना वनखात्याचा संबंध येणारच नाही अशी खात्री कोणाला देता येणार नाही. साहेबाच्या राज्यात ज्या मालावर सरकारची नजर होती तो माल आधी वनखात्याचा आणि मग उरलाच तर उत्पादकाचा, ही समजूत त्या व्याख्येत गोठून राहिली आहे.

घरचा डिंक

रबरासाठी मेक्सिकोकडे पाहताना वर्ध्याच्या रानात आजही निघणाऱ्या राळेकडे आणि डिंकाकडे दुर्लक्ष होते. बोरच्या परिसरात, कारंजा-आष्टीच्या टेकड्यांवर साग आणि तेंदू यांच्या बरोबरीने धावडा, पळस आणि सालई उभे आहेत. बांधाबांधावर बाभूळ आहे. विदर्भातल्या अधिक खडकाळ टेकड्यांवर पांढऱ्या, कागदासारख्या सालीचा कांडोळ आहे, ज्याला काही ठिकाणी कडई किंवा कुलू म्हणतात. यांपैकी प्रत्येकाचा स्राव निराळा आणि त्याचा बाजारही निराळा. धावड्याचा आणि बाभळीचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत जातो. धावड्याचा डिंक 'घाटी' या नावाने कारखान्यांतही खपतो. पळसाचा तांबडा डिंक औषधात आणि कातडे कमावण्यात वापरला गेला आहे. सालईची सुगंधी राळ धुपात जाते आणि अलीकडे सांधेदुखीच्या गोळ्यांत तिचा अर्क दिसू लागला आहे. कांडोळाचा डिंक पाण्यात फुगतो. त्यापासून दातांच्या कवळ्या चिकटवण्याची पूड आणि सौम्य रेचके करतात, आणि तो जगाला पुरवणारा प्रमुख देश भारत आहे. लोक विचारतात ती रुई मात्र या पंक्तीत बसत नाही. तिच्या चिकात रबराचा अंश अल्प आणि राळेचा अधिक, त्यामुळे तिचा रबर म्हणून उपयोग होण्याजोगा नाही.

या मालाला लागवडीची चार वर्षे लागत नाहीत, कारण झाडे आजच उभी आहेत. कारखानाही लागत नाही. धारदार हत्यार, स्वच्छ टोपली आणि सावलीतले वाळवण एवढे पुरे. काम उन्हाळ्यात, शेतात मजुरी नसते त्या महिन्यांत चालते. असे असूनही डिंक वेचणारा गोंड, कोलाम वा पारधी माणूस गरीबच का राहिला, हा अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडावा असा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर झाडाच्या मालकीत सापडते. रानातले झाड कोणाचेच नाही, म्हणून ते पहिल्या येणाऱ्याचे. आज आपण खोल खाच दिली नाही तर उद्या दुसरा कोणी देईल, हे वेचणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून कुऱ्हाडीने साल ओलांडून लाकडापर्यंत घाव घातला जातो, एकाच खोडावर पाच-सहा ठिकाणी घातला जातो, आणि जुनी जखम भरण्यापूर्वी नवी होते. पहिल्या वर्षी डिंक भरपूर येतो. मग कीड शिरते, खोड पोकळ होते आणि वाऱ्याच्या दिवसांत झाड मोडून पडते. घाईने काढलेल्या डिंकात साल, माती, मुंग्या येतात. आठवडी बाजारातला व्यापारी तो सगळा 'मिसळ' म्हणून एकाच भावाने घेतो, आणि मग स्वतः चटईवर पसरून पांढरा वेगळा, तांबूस वेगळा, काळा वेगळा करतो. निवडण्याच्या त्या दोन दिवसांच्या कामाचे मोल वेचणाऱ्याच्या दोन महिन्यांच्या कामाहून अधिक निघते.

विज्ञानाने येथे मदत केली आणि घातही केला. जोधपूरच्या मरुभूमी संशोधन संस्थेने राजस्थानातील कुमटाच्या झाडाला संप्रेरकाची मात्रा टोचून डिंकाचे उत्पन्न कितीतरी वाढवून दाखवले; शेताच्या बांधावरच्या झाडांवर ती रीत वापरून अनेक शेतकऱ्यांना चार पैसे मिळाले, कारण झाड त्यांचे होते आणि मात्रा किती द्यायची याची काळजीही त्यांनाच होती. रानातल्या बेवारशी झाडावर तीच रसायने अंदाधुंद वापरली की झाड एकदाच भरभरून देते आणि मरते. गुग्गुळाची कहाणी याहून वाईट. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या प्रबंधाने गुग्गुळाचा रक्तातील मेदाशी संबंध दाखवून दिला, १९८० च्या दशकात त्याचे औषध बाजारात आले, मागणी चढली. आणि कच्छ-राजस्थानातली रानझुडपे इतकी ओरबाडली गेली की आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या वनस्पतीला अतिसंकटग्रस्त ठरवले आहे.

याच्या उलट अनुभव आंध्रातला. तेथे १९५६ साली स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळ आदिवासींकडून कांडोळाचा डिंक विकत घेते. पुढे वेचणाऱ्यांना कमी खोलीच्या चिरा देण्याचे, एक जखम भरल्याखेरीज दुसरी न करण्याचे आणि माल स्वच्छ राखण्याचे प्रशिक्षण मिळाले व प्रतवारीप्रमाणे भाव देण्याची पद्धत पडली. तेव्हा पांढऱ्या डिंकाचे प्रमाण वाढले आणि झाडेही टिकू लागली. व्यापाऱ्याची चटई वेचणाऱ्याच्या अंगणात आली, एवढाच त्या सुधारणेचा गाभा.

वर्ध्यात हे होण्यात एक घटनात्मक अडथळा आहे असे समजले जाते. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती यांचे काही भाग पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. वर्धा जिल्ह्याचा एकही भाग त्यात नाही. त्यामुळे 'पेसा' या नावाने ओळखला जाणारा १९९६ चा पंचायत विस्तार कायदा येथे लागू होत नाही. परंतु २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रांपुरता मर्यादित नाही. त्याच्या तिसऱ्या कलमाने वनहक्कधारकांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला आहे. आणि वनस्पतीपासून मिळणारा लाकडाखेरीजचा सर्व माल त्या संज्ञेत येतो, डिंकही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतःच्या परवान्याने विकला. बांबूला जे लागू ते धावड्याला लागू होऊ नये असे कायद्यात काहीही नाही. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, ही अट कठीण आहे. पण कारंजा-आष्टीच्या रानालगतच्या गोंड-कोलाम वस्त्यांना ती लागू नाही. २०१४ मध्ये बोर हे व्याघ्रप्रकल्प झाल्यानंतर त्या परिसरात रानात जाण्यावर जी बंधने आली, त्यांचा आणि या हक्कांचा मेळ घालण्याचे काम मात्र तातडीने करावे लागेल. वाघ आणि डिंकवेचे एकाच रानात राहू शकतात की नाही यावर आज मुख्यतः तर्कच चालू आहेत.

भावाचा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तिच्या पहिल्या यादीत कांडोळाचा डिंक होता. धावडा आणि पळस नव्हते. आणि हमी नसलेल्या डिंकाचा भाव किती चंचल असतो हे गवारीने दाखवून दिले आहे. गवारीच्या बियांचा डिंक अमेरिकेत खडकातून तेल व वायू काढण्याच्या कामी येऊ लागताच २०१२ मध्ये राजस्थानात गवारीचा भाव क्विंटलला तीस हजारांच्या वर गेला, वायदेबाजार बंद ठेवावा लागला, आणि पुढच्याच वर्षी गवार घसरली. ज्यांनी चढत्या भावात बियाणे घेतले त्यांनी उतरत्या भावात पीक विकले. उलट टोकाचे उदाहरण सुदानचे. अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानवर आर्थिक निर्बंध घातले, पण तिथल्या बाभूळवर्गीय डिंकाला त्यांतून वाट ठेवावी लागली, कारण शीतपेयांच्या कारखान्यांचे त्यावाचून अडत होते. इतके अडलेले गिऱ्हाईक असूनही सुदानचा डिंकवेचा श्रीमंत झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

या सगळ्या कामासाठी लागणाऱ्या संस्था वर्ध्याला बाहेरून आणाव्या लागणार नाहीत. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली येथेच, मगनवाडीत, स्थापन झाला आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा या अर्थशास्त्रज्ञाने वाहिली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाने खाणीतून एकदाच उपसता येणारी संपत्ती आणि झाडापासून वर्षानुवर्षे मिळत राहणारी संपत्ती यांत जो भेद केला, तो डिंकाच्या झाडापुढे उभे राहून जितका स्पष्ट दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही. खोल घाव घालणारा कुऱ्हाडीने झाडाची खाण करीत असतो. मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. रांचीला १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी निघालेली संस्था पुढे नैसर्गिक राळ व डिंक यांची राष्ट्रीय संस्था झाली. तिचे ज्ञान मागितले तर मिळू शकते. बरडावर ग्वायूलेचे एखादे प्रायोगिक वावर या संस्थांनी आपल्या खर्चाने, आपल्या जमिनीवर लावून पाहण्याला कोणाचा आक्षेप असू नये. चार वर्षांनी त्यांच्याजवळ आकडे असतील, आणि ती जळाली तरी कोणाचे घर त्याबरोबर जळणार नाही.

डिंकासाठी मात्र चार वर्षे थांबण्याचे कारण नाही. धावड्याची चीर होळीच्या सुमारास द्यायला लागतात आणि पहिला पाऊस पडला की डिंक धुऊन जातो. मधले महिने तीन-साडेतीन. ज्या ग्रामसभांनी वनहक्काचे दावे अजून दाखल केलेले नाहीत त्यांना त्यासाठी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांचे जबाब, जुने नकाशे आणि पाड्यांच्या सीमा जमवाव्या लागतील, आणि ते काम शेतीची कामे आटोपल्यावर, हिवाळ्यातच होऊ शकते. यंदाच्या उन्हाळ्यात कारंज्याच्या आठवडी बाजारात जो डिंक येईल तो मात्र मिसळच असेल, आणि चटई व्यापाऱ्याचीच.